निळीच्या रांजणातले जंतू

पंचतंत्रातल्या निळ्या कोल्ह्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. गावातली कुत्री मागे लागतात, कोल्हा जीव मुठीत घेऊन पळतो, एका रंगाऱ्याच्या घरात शिरतो आणि थेट निळीच्या रांजणात पडतो. बाहेर येतो तो निळाशार होऊनच. मग जंगलाचा राजा काय होतो, इतर कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकून न राहवून स्वतःही काय ओरडतो, वगैरे वगैरे.

आता हीच गोष्ट जरा इंजिनीअरच्या डोक्याने बघू. खऱ्या निळीच्या रांजणात पडलेला कोल्हा बाहेर येताना निळा दिसणारच नाही. तो दिसेल पिवळट-हिरवा. मग अंगाला हवा लागेल तसतसा काही मिनिटांत तो आपल्या डोळ्यांदेखत निळा होत जाईल. म्हणजे जंगल गाठेपर्यंत रंग पक्का! गोष्ट सांगणाऱ्याने एवढा भाग गाळला. पण त्या रांजणात ही जादू घडवून आणणारे कामगार होते. हजारो वर्षं ते निमूटपणे काम करत होते आणि त्यांना कुणी पाहिलंही नव्हतं. हे कामगार म्हणजे जिवाणू, अर्थात बॅक्टेरिया.

आजचा लेख या निळीच्या जंतूंबद्दल आहे. १९८३ साली अमेरिकेत एका जंतूने चक्क नीळ तयार करून दाखवली. तीही झाडाशिवाय आणि रासायनिक कारखान्याशिवाय. तेव्हापासून "आता जीन्सचा रंग जंतू बनवणार" अशी बातमी दर काही वर्षांनी येते. तरीही आज तुम्ही घातलेली जीन्स जवळजवळ नक्कीच कारखान्यातल्या रसायनाने रंगवलेली आहे. चाळीस वर्षांत हे का जमलं नाही? तंत्रज्ञान कच्चं होतं म्हणून? की आणखी काही भानगड आहे?

आधी एक खुलासा करतो. पूर्वी घरोघरी पांढऱ्या कपड्यांना जी निळीची पूड घालत ती ही नव्हे. ती अल्ट्रामरीन, म्हणजे खनिज जातीची. आपण बोलतोय ती इंडिगो, झाडाची नीळ.

गंमत म्हणजे निळीच्या झाडात नीळ नसतेच. पानांत असतं इंडिकॅन नावाचं रंगहीन द्रव्य. त्याच्या रेणूला साखरेचा एक रेणू कुलपासारखा चिकटलेला असतो. पानं हौदात भिजत घातली की ही साखर सुटून जाते आणि उरतं इंडॉक्सिल. मग हौदातलं पाणी बडवून बडवून त्यात हवा मिसळायची. हवेतला ऑक्सिजन मिळाला की इंडॉक्सिलचे दोन-दोन रेणू जोडले जातात आणि निळा गाळ तळाशी बसतो. तो वाळवून वड्या पाडल्या की झाली नीळ तयार. (हे साखरेचं कुलूप लक्षात ठेवा. शेवटी पुन्हा लागणार आहे.)

पण नीळ तयार झाली म्हणजे कापड रंगलं असं नाही. या रंगाची एक मोठी खोड आहे, तो पाण्यात विरघळत नाही. आणि जो विरघळतच नाही तो सुताच्या धाग्यात शिरणार कसा? त्यासाठी निळीचं रिडक्शन करावं लागतं, बारावीच्या केमिस्ट्रीत असतं तेच. तिच्यावर इलेक्ट्रॉन चढवले की ती पिवळट-हिरवी होते आणि अल्कलीच्या पाण्यात विरघळते. कापड त्यात बुडवायचं आणि बाहेर काढायचं. हवा ते इलेक्ट्रॉन परत काढून घेते आणि नीळ धाग्यातच अडकून बसते. कोल्ह्याचंही हेच झालं असणार.

हे इलेक्ट्रॉन चढवण्याचं काम रंगारी आंबवून करत. आपल्याकडे निळीत रंगवणाऱ्यांना निळारी म्हणत, काही भागांत निराळी. रांजणात नीळ, चुना, जंतूंना खायला गूळ किंवा कोंडा असं काहीबाही घालायचं, तोंड झाकायचं आणि उबेत ठेवायचं. दक्षिण भारतात यात टाकळ्याच्या बिया घालत (पावसाळ्यात ज्याची रानभाजी करतात तोच हा टाकळा). काही दिवसांनी वर जांभळट साय धरते, खालचं पाणी हिरवट-पिवळं होतं आणि असा काही वास सुटतो की विचारू नका. या रंगावरून आणि वासावरून रांजण 'लागला' की नाही हे जाणता रंगारी ओळखायचा. दह्याच्या विरजणासारखाच हा प्रकार. विरजणात कोण राहतं हे आजीला ठाऊक नसलं म्हणून दही लागायचं थांबत नाही!

नक्की कोण राहतं हे कळायला मात्र १९९८ साल उजाडावं लागलं. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी मध्ययुगीन युरोपच्या पद्धतीने वोड या वनस्पतीचा हौद लावला आणि त्यातून निळीचं रिडक्शन करणारा, उष्णता आवडणारा एक जिवाणू वेगळा काढला. पुढे त्याचं नाव ठेवलं क्लॉस्ट्रिडियम आयसॅटिडिस. म्हणजे जंतूंकडून रंगकाम करून घेणं ही बायोटेक्नॉलॉजीची नवी आयडिया मुळीच नाही. उलट आपण मधली शंभर वर्षं त्यांना कामावरून काढून टाकलं होतं.

ते कसं, हे समजून घ्यायला जर्मनीत जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकात निळीचा व्यापार म्हणजे मुख्यतः हिंदुस्थानचा, आणि हिंदुस्थानचा म्हणजे इंग्रज मळेवाल्यांचा. बंगालात त्यांनी रयतेला इतकं पिळलं की १८५९ मध्ये शेतकऱ्यांनी नीळ पेरायचंच नाकारलं. दीनबंधू मित्रांचं 'नीलदर्पण' हे नाटक १८६० चं, याच छळाबद्दलचं. बंगालात बस्तान उठल्यावर मळेवाल्यांनी जोर लावला तो बिहारमध्ये. तिथे चंपारणात 'तीनकठिया' पद्धत होती. म्हणजे वीस कठ्ठ्यांच्या प्रत्येक बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावायचीच, आणि मळेवाला देईल त्या भावाने द्यायची.

तिकडे जर्मनीत अडॉल्फ फॉन बायर हा रसायनशास्त्रज्ञ १८६५ पासून निळीच्या मागे लागला होता. १८८० च्या सुमारास त्याने ती प्रयोगशाळेत बनवली आणि १८८३ मध्ये तिची रचना मांडली. पण प्रयोगशाळेत बनणं वेगळं आणि कारखान्यात परवडणं वेगळं. 'माझ्या मशीनवर तर चालतं' हे वाक्य आपल्या आयटीवाल्यांचीच मक्तेदारी नाही बरं का! बीएएसएफ कंपनीने या एका रंगावर १.८ कोटी सुवर्ण मार्क घातले. कंपनीचं तेव्हाचं भागभांडवल याहून कमी होतं. म्हणजे हा सरळसरळ जुगार होता.

गाडी अडली होती ती नॅप्थॅलीनवर. नॅप्थॅलीन म्हणजे कपाटात ठेवतो ती डांबरगोळी. कोळशाच्या डांबरातून ती मुबलक आणि स्वस्तात मिळायची. तिच्यापासून सुरुवात करून निळीपर्यंत जायचा रस्ता कागदावर तयार होता, पण पहिलीच पायरी फार मंद. मग एक दिवस म्हणे गरम मिश्रणात थर्मामीटर फुटला, पारा आत सांडला आणि ती मंद क्रिया सुसाट धावू लागली. पारा उत्प्रेरकाचं काम करत होता. १८९७ मध्ये बीएएसएफची कृत्रिम नीळ बाजारात आली.

पुढचं सगळं आकडेच सांगतात. १८९७ मध्ये जगात झाडांपासून सुमारे १९,००० टन नीळ निघत होती. १९१४ मध्ये उरली सुमारे १,००० टन.

आता कुणालाही वाटेल की झाडाची नीळ बुडाली म्हणजे चंपारणचा शेतकरी सुटला. नको असलेलं पीक गेलं, बरंच झालं की! पण घडलं भलतंच. भाव कोसळल्यावर मळेवाल्यांना नीळ नकोशी झाली. मग ते शेतकऱ्यांना म्हणाले, नीळ लावायच्या बंधनातून तुम्हाला मोकळं करतो, पण त्याबदल्यात खंड वाढवून द्या. या वाढीला म्हणत शरहबेशी. जिथे खंड वाढवता येत नव्हता तिथे एकरकमी पैसे उकळले, त्याला म्हणत तावान. म्हणजे जर्मनीत लागलेल्या शोधाने जो तोटा झाला तो मळेवाल्याने उचलून शेतकऱ्याच्या डोक्यावर ठेवला! त्यात १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, जर्मन माल बंद झाला, निळीचा भाव चढला, आणि लावा पुन्हा नीळ. १९१७ च्या एप्रिलमध्ये राजकुमार शुक्ल यांच्या आग्रहावरून गांधीजी चंपारणात पोचले ते या परिस्थितीत. तीनकठिया कायद्याने बंद झाली १९१८ मध्ये.

शाळेच्या पुस्तकात चंपारण सत्याग्रह असतो आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकात बायर असतो, पण दोघांची गाठ कुणी घालून देत नाही. मला हा इतिहासातला फार महत्त्वाचा धडा वाटतो. तंत्रज्ञान बदलतं तेव्हा फायदा कुणाला हे बाजार ठरवतो, पण तोटा कुणाच्या गळ्यात पडणार हे ठरतं ते ताकदीवरून.

असो. आता जंतूंकडे परत येऊ.

१९८३. कॅलिफोर्नियातली ॲम्जेन ही कंपनी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. बर्ट एन्स्ली आणि सहकारी तिथे एका वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते. स्यूडोमोनास पुटिडा नावाचा मातीतला एक जिवाणू आहे. तो काय खातो? तर डांबरगोळी! नॅप्थॅलीन पचवायची त्याची ही क्षमता ज्या जीन्समध्ये असते ते त्यांनी काढून ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जंतूत घातले. (इथे जीन्स म्हणजे जनुकं. घालायची जीन्स पुढे येते आहे.) टेक्सास विद्यापीठातले डेव्हिड गिब्सन या कामात सोबत होते. अशी तेलकट-डांबरी द्रव्यं जंतू कशी पचवतात, हा त्यांचा खास विषय.

हेतू होता डांबरगोळीचं पचन समजून घेण्याचा. पण बशीत वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्यांना निळा रंग चढला. तपासून पाहिलं तर ती नीळच होती. अस्सल इंडिगो!

झालं होतं असं. ई. कोलायला ट्रिप्टोफॅन हे अमायनो आम्ल मिळालं की तो त्यातून इंडोल बनवतो. हे त्याचं नेहमीचंच. इंडोल म्हणजे एक विचित्र पदार्थ, थोडा असला तर मोगऱ्याच्या जातीतल्या फुलांच्या वासात असतो आणि जास्त झाला तर संडासाच्या. आता या जंतूत नव्याने बसवलेलं एंझाइम नॅप्थॅलीनच्या दोन जोडलेल्या कड्यांवर ऑक्सिजन बसवण्यासाठी होतं. इंडोलमध्येही दोन कड्या जोडलेल्या असतात. एंझाइमने त्यालाच नॅप्थॅलीन समजून ऑक्सिजन बसवला. त्यातून आपोआप इंडॉक्सिल झालं, आणि इंडॉक्सिलला हवा लागली की काय होतं ते आपण वर पाहिलंच आहे. पाहुणा एंझाइम आणि घरचा इंडोल, दोघांची ओळख कुणी मुद्दाम करून दिली नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन मोड्यूल जोडली आणि स्पेसिफिकेशनमध्ये नसलेलं फीचर मिळालं :)

आणि योगायोग बघा. १८९७ मध्ये बीएएसएफने कृत्रिम नीळ बनवली ती डांबरगोळीपासून, आणि १८८३ मधल्या बायरच्या रचनेनंतर बरोबर शंभर वर्षांनी जंतूने नीळ बनवली ती डांबरगोळी खाण्यासाठी असलेल्या एंझाइमने.

शोध 'सायन्स' या साप्ताहिकात छापून आला आणि पेटंटही निघालं. पण बशीतले निळे ठिपके आणि टनावारी नीळ यांच्यात केवढं अंतर असतं हे बायर-बीएएसएफच्या कथेत आपण पाहिलं. इथेही तेच झालं. ट्रिप्टोफॅन विकत घेऊन जंतूला भरवणं परवडणारं नव्हतं. स्वस्त ग्लुकोजवरच काम भागायला हवं. त्यासाठी जंतूची स्वतःची यंत्रणाच बदलावी लागली. ॲम्जेनमधल्या संशोधकांनी १९९३ मध्ये ग्लुकोजपासून थेट नीळ बनवणारा ई. कोलाय जाहीर केला. तोवर ॲम्जेन स्वतः औषधांकडे वळली होती. १९८९ मध्ये मंजूर झालेल्या एरिथ्रोपोएटिन या रक्तवाढीच्या औषधाने तिचं नशीब काढलं होतं. ज्या औषधाचं माप ग्रॅमच्या कितीतरी खाली असतं आणि किंमत डोळे पांढरे करणारी, ते सोडून जीन्सचा रंग कोण विकत बसेल?

निळीचं काम पुढे नेलं जेनेनकोर या एंझाइम बनवणाऱ्या कंपनीने. त्यांची अडचण फारच मजेदार आहे. जंतूच्या निळीने रंगवलेलं डेनिम किंचित लालसर दिसायचं. कारण इंडॉक्सिलचा थोडा भाग वाट चुकून आयसॅटिन होतो आणि त्यातून इंडिरुबिन हा तांबडा रंग बनतो. प्रमाण थोडंसंच, पण जीन्सवाल्यांना तो ठरलेला निळाच हवा. मग त्यांनी आयसॅटिनचे तुकडे करणारं एंझाइम शोधलं, तेही मातीतल्या एका जंतूकडूनच, आणि ते आपल्या ई. कोलायमध्ये बसवलं. तांबडेपणा गेला. २००२ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यानुसार लिटरमागे १८ ग्रॅम नीळ निघत होती आणि डेनिमवर ती रासायनिक निळीइतकीच चांगली बसत होती.

जरा कॅल्क्युलेटर काढू. त्या सुमारास जगाला वर्षाला सुमारे १७,००० टन कृत्रिम नीळ लागत होती. भागिले १८ ग्रॅम. म्हणजे साधारण ९४ कोटी लिटर जंतूंचं कालवण, दरवर्षी. आकडा भयंकर वाटतो, पण मुंबईला एका दिवसात सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. म्हणजे जगभरच्या जीन्सची वर्षाची गरज मुंबईच्या सहा तासांच्या पाण्यात भागली असती. तेव्हा अडचण नुसत्या आकारमानाची नव्हती. अडचण ही की हे प्रत्येक लिटर निर्जंतुक करायचं, त्यात सतत हवा सोडायची, ढवळायचं, थंड ठेवायचं, साखर पुरवायची आणि शेवटी त्यातून १८ ग्रॅम निळा गाळ वेगळा काढायचा. आणि मग तो विकायचा कुणाच्या स्पर्धेत? तर शंभर वर्षं घासूनपुसून स्वस्त केलेल्या रासायनिक निळीच्या स्पर्धेत. जुनी सिस्टीम कुरूप असली तरी तिचे पैसे कधीच वसूल झालेले असतात, नवीला पहिल्या दिवसापासून हिशोब द्यावा लागतो. जंतूची नीळ बाजारात टिकेल इतकी स्वस्त झाली नाही.

याच कथेत एक सुंदर विरोधाभास दडलेला आहे. त्याच काळात, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, जंतूजगताने जीन्सच्या धंद्यात दुसऱ्या दाराने प्रवेश केला आणि तिथे मात्र साफ जिंकलं. जुनाट, विटकी दिसणारी जीन्स बनवायला कारखान्यांत प्यूमिस दगड घालून कपडे धूत. त्याऐवजी सेल्युलेज हे एंझाइम वापरता येतं असं लक्षात आलं. ते धाग्याचा वरचा पापुद्रा कुरतडतं आणि तिथली नीळ निघून जाते. हे एंझाइम बुरश्यांकडून मिळतं. त्यातली ट्रायकोडर्मा रीसी ही प्रसिद्ध बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सापडली होती, अमेरिकन सैन्याचं सुती कापड खाताना! हे एंझाइम विकणाऱ्यांत जेनेनकोरही होतीच. म्हणजे जीन्सवर रंग चढवण्यात सूक्ष्मजीव हरले आणि रंग उतरवण्यात जिंकले.

असं का? कारण एंझाइम हा कामगार आहे आणि रंग हा माल. चिमूटभर एंझाइम शेकडो जीन्सवर काम करतं आणि त्यात स्वतः खर्ची पडत नाही. नीळ मात्र प्रत्येक जीन्सला मोजून काही ग्रॅम द्यावीच लागते. जंतूकडून काम करून घेणं स्वस्त असतं, माल बनवून घेणं महाग. खाण्यातल्या रंगांचं गणित वेगळं. ब्लेकस्लिया ट्रायस्पोरा या बुरशीपासूनचं बीटा-कॅरोटीन युरोपात मान्य झालं, स्पिरुलिनाचा निळा रंग अमेरिकेने २०१३ मध्ये गोळ्या-चॉकलेटांसाठी मंजूर केला. तिथे किलोला बराच जास्त भाव मिळतो आणि 'नैसर्गिक' या शब्दालाही किंमत असते. पोटात जाणाऱ्या रंगाबद्दल आपण चिकित्सक असतो, पायात चढवायच्या रंगाबद्दल नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे ना, स्वस्त ते जिंकलं. बाजाराचा नियमच आहे. पण मुद्दा असा की स्वस्त म्हणजे काय?

रासायनिक नीळ आज मुख्यतः ॲनिलिनपासून बनते. सोबत फॉर्मल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड, वितळलेला कॉस्टिक, सोडामाइड. यातलं एकही नाव घरात ठेवावं असं नाही. मग रंगवताना निळीवर इलेक्ट्रॉन चढवायला जंतूंच्या जागी आला सोडियम हायड्रोसल्फाइट. जलद, खात्रीचा, वास न बघता वापरता येणारा. पण काम झाल्यावर त्याचे गंधकयुक्त क्षार सांडपाण्यात जातात आणि सोबत न चिकटलेली नीळही जाते. हे पाणी जिथे तसंच सोडून देतात तिथे सफाईचा खर्च कारखान्याच्या वहीत येत नाही. तो येतो नदीकाठच्या शेतकऱ्याच्या विहिरीत.

आणि हा खर्च वहीत आणायचं ठरवलं तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. तमिळनाडूतलं तिरुप्पूर. तिथे जीन्सपेक्षा होजिअरीचं काम जास्त, पण रंगकामाचा प्रश्न तोच. नोय्यल नदी रंगाच्या पाण्याने नासली, खालच्या बाजूचे शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले शेकडो रंगाईचे कारखाने बंद करायला सांगितलं. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडणार नसाल तरच चालवा. त्या एका आदेशाने 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ बदलला. तेच रसायन, तोच रंग, फक्त बिलात आधी नसलेली एक ओळ वाढली.

मला वाटतं निळीच्या जंतूचं भवितव्य या एका ओळीवर अवलंबून आहे, प्रयोगशाळेतल्या आणखी एखाद्या शोधावर तितकंसं नाही.

शोध मात्र चालूच आहेत, आणि त्यांची दिशा बदलली हे फार आवडण्यासारखं आहे. २०१८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन ड्यूबर, टॅमी शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. जंतूकडून नीळ बनवून घ्यायची, आणि मग हायड्रोसल्फाइट घालून तिला विरघळवायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला? त्यांनी जपानी निळीच्या झाडातलं एक एंझाइम ई. कोलायमध्ये घातलं. ते इंडॉक्सिलला साखरेचं कुलूप लावतं. म्हणजे जंतू नीळ बनवतच नाही, तो बनवतो इंडिकॅन. झाडाच्या पानांत असतं तेच! ते पाण्यात विरघळतं आणि टिकतं. रंगवायच्या वेळी दुसऱ्या एंझाइमने कुलूप उघडायचं, की धाग्यातच नीळ तयार. हायड्रोसल्फाइटची गरजच संपली. २०२४ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने हीच इंडिकॅनची कल्पना पुढे नेली आणि कुलूप उघडायला एंझाइमसोबत प्रकाशही वापरून दाखवला. निळीच्या झाडाने आपल्या पानांत जी युक्ती करून ठेवली होती तिच्याकडे आपण रसायनाचा एवढा मोठा वळसा घालून परत आलो.

यातली कुठली पद्धत कारखान्यात टिकेल यावर पैज लावायची माझी तयारी नाही. पण टिकलीच, तर एक प्रश्न आत्ताच विचारून ठेवायला हवा. जंतूला साखर लागते. एक किलो निळीसाठी त्याहून कितीतरी जास्त साखर लागते, आणि साखर शेतातूनच येते, मक्यातून किंवा उसातून. म्हणजे झाडाच्या पानातून कोळशाच्या डांबरात गेलेला निळा रंग पुन्हा शेतात येणार. ते शेत कुणाचं असेल, त्याला पाणी कुठून आणणार, आणि उद्या भाव कोसळला तर तोटा कुणाच्या माथी मारला जाईल? आज तमिळनाडूत थोडेफार शेतकरी पुन्हा झाडाची नीळ पिकवतात, 'नैसर्गिक' रंगाला जास्त भाव मिळतो म्हणून. जंतूची नीळही 'नैसर्गिक' म्हणूनच विकायला येईल. तेव्हा त्यांचं काय?

उसाचं राजकारण जवळून पाहिलेल्या आपल्या महाराष्ट्राला तरी हे प्रश्न समजावून सांगायला नकोत. चंपारणात ते कुणी वेळेवर विचारले नाहीत.

पुढच्या वेळी डेनिम विकत घेताना उगाच लेबल वाचून बघा. सूत किती टक्के आणि स्ट्रेच किती टक्के ते लिहिलेलं असतं. रंग कशाने चढवला ते अजून तरी कुणी लिहीत नाही.